पोरीचा माड

"घरात कुणी ओढतं का?" प्रांजलच्या पाठीवरचा स्टेथोस्कोप न उचलताच डॉक्टरांनी विचारलं. अक्षता "नाही" म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली, की डॉक्टरांनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं, "बरं" म्हटलं आणि पुन्हा त्या सात वर्षांच्या पाठीकडे कान दिला. त्या 'बरं'चा अक्षताला राग आला. बरं म्हणजे काय? घरोघरच्या बायका असंच सांगतात, मला सवय आहे, असं? टेबलाच्या अलीकडे बसूनही पोरीच्या छातीतली शिट्टी तिला ऐकू येत होती. ऑक्टोबरपासूनची ही चौथी वेळ. दर वेळी तेच, आधी नाक चोळणं, मग डोळे लाल, मग कोरडा खोकला आणि दोन दिवसांत ही शिट्टी. डॉक्टर सांगत होते, हिला काहीतरी सोसत नाही, ते शोधायला हवं. धूळ असेल, झुरळं असतील, कबुतरं असतील, धूर असेल. पंप चालू ठेवा आणि एकदा मोठ्या डॉक्टरांकडून हातावरची ॲलर्जीची तपासणी करून घ्या. अक्षता मान डोलावत होती, पण मन मघाच्या प्रश्नापाशीच अडकलं होतं. काहीतरी सोसत नाही म्हणे. काहीतरी म्हणजे कुणीतरीच असणार.

दवाखान्यापासून घर दहा मिनिटांवर. तेवढ्या वाटेत ते 'नाही' तिला चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचायला लागलं. आपण कशावरून सांगितलं? आपण दिवसभर कामावर, नवरा सुबोध लिफ्टच्या दुरुस्त्या करत या टॉवरवरून त्या टॉवरवर, आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोर असते ती तिच्या आजोबांजवळ. आपल्याला काय ठाऊक घरात कोण काय करतं ते? आणि ठाऊक नसणं ही अक्षताला न परवडणारी गोष्ट होती. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात ती सहा वर्षं नोकरी करत होती, आणि काम काय, तर वास घेण्याचं. ऑनलाइन मागवलेले कपडे लोक परत पाठवतात, "साइज बसली नाही" म्हणून लिहितात, आणि त्यातल्या कित्येकांनी तो लेहेंगा एक लग्न उरकून पाठवलेला असतो. ते गठ्ठे अक्षताच्या टेबलावर येत. ती कॉलर हुंगे, काखा हुंगे, अस्तर हुंगे आणि शिक्का मारी: वापरलेला, न वापरलेला. कुणी अत्तर मारून घाम लपवलेला असे, कुणी उन्हात टाकून अत्तर उडवलेलं असे, कुणाच्या ओढणीत अजून बिर्याणी दरवळत असे. गाळ्यातल्या पोरी तिला "आपली पोलीस कुत्री" म्हणत, अगदी प्रेमाने, आणि तिला त्याचा थोडा अभिमानच होता. माणसं खोटं बोलतात, कापड बोलत नाही, असं ती म्हणायची. दिवसाला दीडशे खोटी माणसं हुंगून घरी येणाऱ्या बाईचा माणसांवर विश्वास तो किती उरणार? तिचाही पुरता उरला नव्हता, आणि तिला त्याची फारशी खंतही नव्हती.

तिचे सासरे धोंडू हे एके काळचे मोठे बिडीबहाद्दर. परळच्या गिरणीत कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते, तिथे आत ओढायला बंदी, म्हणून सुटी झाली की दारातच दोन-दोन बिड्या एकदम पेटवायचे, असं ते स्वतःच रंगवून सांगत. गिरणी गेली, चाळीतली खोली गेली, म्हाडाच्या या बैठ्या घरांच्या सोसायटीत ते आले, बायको गेली; बिडी मात्र गेली नव्हती. ती गेली प्रांजल जन्मली त्या दिवशी. प्रसूतिगृहाच्या पायरीवर सगळं बंडल त्यांनी पायाखाली चुरडलं आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि त्याच आठवड्यात गावाहून मागवलेलं ठेंगू जातीचं एक नारळाचं रोप सोसायटीच्या चौकात, बरोबर आपल्या ओट्यासमोर लावलं. त्यांच्याकडची रीतच तशी. घरात पोर जन्मलं की त्याच्या नावाचा माड लावायचा. पोर आणि माड जोडीने वाढतात, माडाला पाणी घातलं की पोराच्या अंगी लागतं, आणि माड तोडला तर... ते पुढचं वाक्य ते कधी पुरं करत नसत. त्यांची धाकटी बहीण जानकी, तिचा माड तिच्या काकाने घराच्या पडवीला आड येतो म्हणून तोडला, आणि त्याच पावसात ती तापाने गेली. नऊ वर्षांची होती. साठ वर्षं झाली त्याला. धोंडू सांगायचे तेव्हा असं सांगायचे, जणू काल संध्याकाळची गोष्ट. अक्षता ऐकून घेई. ताप तापाने येतो, माडाने नाही, हे तिला कळत होतं, पण सासऱ्याच्या तोंडावर ते कशाला बोला?

ती बोलली नाही, पण बघायला लागली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने पोरीच्या चारही आजारांना लाल खुणा केल्या होत्या. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, दर महिन्याला एक, मग दोन महिने काही नाही, आणि आता मार्च. डिसेंबरनंतर तिने घरावर नांगर फिरवला होता. कापसाच्या उश्या काढल्या, प्रांजलची केसाळ अस्वलं शेजाऱ्यांना दिली, देवापुढची अगरबत्ती बंद केली, खिडकीला जाळी मारून कबुतरांची हकालपट्टी केली. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे गेले तेव्हा ती सुबोधला छाती फुगवून म्हणाली होती, "बघ, मी म्हटलं होतं ना, ते अस्वलच होतं." मग मार्चमध्ये काय झालं? अस्वल नाही, उश्या नाहीत, अगरबत्ती नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेगळं एकच झालं होतं. धोंडू तापाने पडले होते. सात दिवस अंथरुणात, चोवीस तास घरात. आणि त्याच आठवड्याच्या शेवटी प्रांजलची शिट्टी सुरू झाली. एरवी बाहेर जाऊन ओढत असणार, ताप आल्यावर बाहेर जाता येईना, म्हणून घरातच, मोरीत, खिडकीत. हा हिशोब तिच्या डोक्यात इतका चोख बसला, की ती पोळी लाटता लाटता थांबली आणि पोळी जाडी-बारीक झाली. मागच्या खोलीतून धोंडूंचा आवाज येत होता, ते प्रांजलला पंप कसा घ्यायचा ते शिकवत होते, "तोंडात धर, बाय, आता ओढ, जोरात ओढ." त्या शब्दानेसुद्धा तिच्या अंगावर काटा आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली, पण लाज फार वेळ टिकली नाही.

संशय एकदा घरात शिरला, की त्याला खायला आपोआप मिळत जातं. आता तिला दिसायला लागलं, की म्हातारा उजाडायच्या आधी उठतो. पूर्वीही उठत असेल, पण पूर्वी ती बघत नव्हती. एका पहाटे ती जाळीच्या खिडकीशी उभी राहिली. चौकात धोंडू होते, आणि त्यांच्यासमोर डोक्यावरची पाटी उतरवून पुतळाबाई उभी होती. पुतळाबाई चारकोप गावातली कोळीण, पहाटे धक्क्यावरून मासळी आणून सेक्टरभर विकणारी; अक्षता तिच्याकडूनच मांदेली घ्यायची. एवढ्या पहाटे ती इथे काय करते? धोंडूंनी काखेतलं एक लांबट, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्या पाटीत सरकवलं, तिने त्यावर ओलं गोणपाट ओढलं, दोघांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काहीतरी कुजबुजून ती निघून गेली. अक्षताला दिसलं ते एवढंच. दिलं ते तिने पाहिलं होतं, पण देणाऱ्याला बदल्यात काहीतरी मिळतच असणार, हे तिने आपल्या मनाने भरून घेतलं. पुतळाबाईच्या कनवटीला तंबाखूची पुडी कायम असते, मग बिडीचं बंडल का नसेल? सकाळी तिने चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, पहाटे पुतळाबाई आलेली का?"

"कोण पुतळाबाय?" धोंडू म्हणाले, आणि बशीतल्या चहाकडे बघत राहिले. "नाय गो. माका काय म्हाईत नाय."

चोर सापडल्यावर पोलिसाला वाटावं तसं तिला वाटलं, आणि आत कुठेतरी, कुणास ठाऊक का, फार वाईटही वाटलं. हा माणूस तिच्या आईच्या आजारपणात रोज तिच्या माहेरी डबा घेऊन गेला होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या हातचं माशाचं कालवण आळणी झालं, तर सुबोधने तोंड वाकडं करायच्या आत "माका डॉक्टरान मीठ कमी सांगलेला आसा" म्हणून दोन वाट्या प्यायला होता. आणि तोच आता डोळ्याला डोळा न भिडवता खोटं बोलत होता. त्या दिवशी कामावरून आल्यावर तिने त्यांचा खुंटीवरचा सदरा काढला, दाराला कडी लावली आणि गाळ्यात हुंगते तसा हुंगला. आधी कॉलर, मग काखा, मग खिसा. धूर होता. अगदी नक्की धूर, वाळका पाला जाळल्यावर येतो तसा. आणि धुराच्या खाली आणखी एक वास होता, हिरवा, कच्चा, किंचित गोडसर, जो तिला ओळखता आला नाही. सहा वर्षांत न ओळखलेला वास तिला पहिल्यांदाच भेटत होता. बिडीचा वास मारायला काहीतरी चघळत असतील, असं तिने ठरवलं. खिशात काडेपेटी निघाली. अर्धी रिकामी.

रविवारी जेवणं चालू असताना तिने ती काडेपेटी सगळ्यांच्या मध्ये ठेवली. प्रांजल ओट्यावर चित्रं रंगवत होती, दार उघडं होतं. "बाबा, ही तुमच्या खिशात कशी?" सुबोध वैतागला. "अगं, जेवून तरी दे ना शांतपणे, काडेपेटी काय, असेल देवाची." देवाची अगरबत्ती डिसेंबरपासून बंद आहे, हे त्याला सांगावं लागलं. मग तोही बापाकडे बघायला लागला. धोंडूंनी काडेपेटीकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं, जिथे प्रांजल पोटावर पडून पाय हलवत होती आणि तिच्या पलीकडे माडाची सावली अर्ध्या ओट्यापर्यंत आली होती. ते इतका वेळ बघत राहिले, की अक्षताला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "बाबा, तुम्ही बिडी ओढता?"

"होय," धोंडू म्हणाले. "ओढतंय."

"बाबा!" सुबोधचा आवाज फाटला. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेलीस तू. तिची छाती वाजते रात्रंदिवस, आणि तू... लाज नाही वाटत यार?"

"वाटता," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. आपली ताटली उचलली, मोरीत नेऊन धुतली, आणि बाहेर येऊन म्हणाले की गावाक जातंय थोडे दिवस, घर बंद आसा, वाळवी लागली आसतली. कुणी त्यांना थांबवलं नाही. मंगळवारी संध्याकाळी बस होती. पिशवी खांद्याला लावून ते आधी माडाखाली गेले, वर शेंड्याकडे पाहिलं, मग ओट्यावर येऊन अक्षताला म्हणाले, "एक सांगतंय, ऐक. चेडवाक माडाखाली खेळूक देव नको. मुंगळे आसत, चावतत." तिने "हो" म्हटलं आणि मनात म्हटलं, मुंगळे? आजवर सात वर्षं पोर तिथेच लोळली, तेव्हा मुंगळे नव्हते, आणि आज आले? ते वळणावरून दिसेनासे होताच ती माडाच्या बुंध्याशी गेली आणि बिडीची बंडलं शोधू लागली. बुंध्याच्या आडोशाला थोडी राख सापडली, दोन जळक्या काड्या सापडल्या. बंडल नव्हतं. सोबत नेलं असणार. राख पाहून मात्र तिचं समाधान झालं. असं समाधान तिला वापरलेल्या लेहेंग्यावर शिक्का मारतानाही होत नसे.

पुढचे दिवस तिने घर धुतलं. म्हाताऱ्याचं अंथरूण गच्चीत टाकलं, खुंटीवरचे सदरे उकळत्या पाण्यातून काढले, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, तरी तिला कोपऱ्याकोपऱ्यातून धूर येत राहिला. शाळेला सुटी लागली. आता पोर दिवसभर सांभाळायची कुणी, म्हणून तिने गाळ्यातून पंधरा दिवस रजा काढली, आणि घरातल्या कोंदट धुरकट हवेपेक्षा बाहेरची बरी, म्हणून माडाखाली सतरंजी घातली. रोज सकाळ-संध्याकाळ. प्रांजल तिथे बसून वाचायची, खेळायची, डबा खायची. माडाला तेव्हा पोय आली होती. पोय म्हणजे माडाचा फुलोरा. आधी हिरव्या म्यानात मिटलेला असतो, मग एका सकाळी म्यान फाटतं आणि पिवळट फुलांनी भरलेल्या काड्या बाहेर पडतात. या माडाला पहिली पोय गेल्या ऑक्टोबरात फुटली होती, तेव्हा धोंडूंनी बुंध्याला हळदकुंकू वाहून सगळ्या सोसायटीला साखर वाटली होती आणि अक्षतानेच प्रांजलला त्या फुलोऱ्याखाली उभं करून फोटो काढला होता. आताही वाऱ्याची झुळूक आली की वरून तांदळाएवढी फुलं टपटप पडत. प्रांजल ती गोळा करून बाहुलीच्या भातुकलीत शिजवत होती, ओंजळीने डोक्यावर उडवत होती. अक्षता ओट्यावर भाजी निवडत ते बघत होती आणि तिला वाटत होतं, किती दिवसांनी पोर मोकळी झाली. आपण योग्य तेच केलं. त्या चार-पाच दिवसांइतकं शांत तिला वर्षभरात वाटलं नव्हतं, आणि पुढे आयुष्यभर तिला त्याच शांततेची सगळ्यात जास्त चीड येत राहिली.

बारा एप्रिलला, दुपारचे चार वाजले असतील, प्रांजल सतरंजीवरून उठून आईकडे आली आणि काही न बोलता तिच्या समोर उभी राहिली. बोलता येत नव्हतं म्हणून बोलत नव्हती. खांदे वर ओढले गेले होते, गळ्याशी खळगा पडत होता, ओठ जांभळे. शिट्टीसुद्धा येत नव्हती. त्या शिट्टीला अक्षता इतके महिने शिव्या देत होती, आणि आता ती यावी म्हणून ती पोरीच्या छातीला कान लावून बसली. पंप दोनदा, तीनदा, चारदा. रिक्षावाल्याने सिग्नल बघितला नाही. हॉस्पिटलात पोरीच्या तोंडावर मास्क लावला, हातात सुई घातली, आणि एका नर्सने अक्षताला बाहेर बसवलं. सुबोध कुठल्याशा टॉवरच्या विसाव्या मजल्यावर होता, फोन लागत नव्हता. बाकड्यावर बसल्या बसल्या तिने स्वतःचा ओढणीचा पदर हुंगला, पोरीचा फ्रॉक हुंगला. औषध, घाम, लसणीची फोडणी. धूर कुठेच नव्हता. म्हातारा दीडशे कोसांवर होता, आणि पोर आत मरता मरता वाचत होती. मग कोण? मग आता कोण उरलं? तिने पहिल्यांदा आपल्या नाकावर संशय घेतला.

तिसऱ्या दिवशी पोरीला घरी सोडलं. प्रांजल झोपली होती, सुबोध कामावर गेला होता, आणि दारात पुतळाबाईने पाटी उतरवली. "काय गो, दिसली नाहीस चार दिवस? आणि म्हातारा कुठं गेला? मी दोन वेळा पहाटेला थांबून गेले."

"कशाला थांबलात?" अक्षताने विचारलं. तिचा आवाज असा होता, की पुतळाबाई जरा चपापली, पण पुतळाबाई चपापून गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"कशाला म्हणजे? ती बघ, वरची पोय फुटून झडायला लागली ना! ती मागच्या पंधरवड्यातच कापायला पाहिजे होती. म्हातारा एकही फुटू देत नव्हता. मिटलेली असतानाच कापायचा, वाळका पाला जाळून कापल्या जागी राख भरायचा, भुंगा लागू नये म्हणून, आणि मला द्यायचा. मी मासळीच्या घाणीबरोबर खाडीत टाकायचे. सोसायटीच्या कचऱ्यात नको म्हणायचा, सूनबाईचं नाक तिखट आहे."

अक्षताने दाराची चौकट धरली. "का? का कापायचे?"

"तुला ठाऊक नाही? अगं, त्या फुलाने पोरीला धाप लागते ना! त्याला तीन वेळेला बघून समजलं. म्हणाला, गिरणीत कापसाची गाठ फोडली की त्या दिवशी आमच्या छात्या बसायच्या, तसं हिचं, पोय फुटली की दुसऱ्या दिवशी. मधे तापाने पडला, तेव्हा एक फुटली नि पोरगी आजारी पडली, तर लहान पोरासारखा रडला गो माझ्यापुढं. मी म्हटलं, मग घरात सांग ना रे बाबा, तोडून टाका तो माड. तर माझ्या अंगावर आला. पोरीचा माड तोडला की पोरगी जाते, म्हणाला. माझी बहीण गेली. घरात कळलं तर पोरगा एका दिवसात तोडील, तोंडातून काढू नकोस." पुतळाबाईने पाटीवरचं गोणपाट सारखं केलं. "मी आता काढलं. पण तो कुठं गेला, सांगशील का?"

पुतळाबाई गेल्यावर ती माडाखाली न जाता ओट्यावरूनच वर बघत उभी राहिली. एक माणूस, ज्याने सात वर्षं बिडीला हात लावला नव्हता, तो सगळ्यांच्या देखत होय, ओढतंय म्हणाला होता. मुलाने लाज काढली तेव्हा वाटता म्हणाला होता. त्याने आपली शपथ मोडली नव्हती, उलट कुणी माडाकडे बघू नये म्हणून त्या शपथेच्या अब्रूवरच पाणी सोडलं होतं. आणि जाताना मुंगळ्यांचं निमित्त करून जेवढं सांगता येईल तेवढं सांगूनही गेला होता. तिने काय केलं? त्याच जागी सतरंजी घातली. अक्षताला रडू आलं नाही. तिला स्वतःचा किळस आला, इतका की तिने दोनदा तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच प्रांजलला घेऊन बोरिवलीला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. हातावर शाईने आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब आणि सुईचं टोक. पंधरा मिनिटं थांबायचं. धुळीपाशी बारीक लाली आली, झुरळापाशी काही नाही, कबुतरापाशी काही नाही. नऊ नंबरपाशी रुपयाएवढी गांधी उठली. "नारळाच्या फुलांचे परागकण," बाई म्हणाल्या. "घराजवळ आहे का झाड?"

"ओट्यासमोरच," अक्षता म्हणाली. "त्याला वास येतो का, डॉक्टर? परागकणांना?"

"वासाने कळण्यासारखं काही नसतं त्यात. डोळ्यांनाही दिसत नाहीत सुटे. औषध नियमित चालू ठेवायचं, दूरच्या झाडांचेही थोडे वाऱ्याने येणारच. पण अगदी दारातलं झाड काढता आलं तर बरं. नाहीच काढता आलं, तर निदान फुलोरा उमलू देऊ नका. मिटलेला असतानाच कापून टाकायचा." बाई हे अगदी सहज, लिहिता लिहिता बोलल्या. सत्तरीचा एक गिरणी कामगार कुणाला न विचारता तेच करत होता, हे त्यांना सांगावं असं अक्षताला फार वाटलं.

संध्याकाळी सुबोधने विचारलं, "काय निघालं तपासणीत?" कागद तिच्या पर्समध्ये होता. तिला त्याचा स्वभाव माहीत होता. तो उद्या सकाळी माणूस आणेल, मुन्सिपालटीची परवानगी नंतर बघू म्हणेल, आणि दुपारपर्यंत चौकात ओंडके पडलेले असतील. त्यात त्याचं चुकलं असंही कुणी म्हणू शकणार नाही. पण गावाकडे ओटीवर बसलेल्या त्या माणसाला कळल्यावर तो दर दिवशी, दर तापाला, पोरीच्या मरणाची वाट बघत बसेल. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. ताप तापाने येतो, माडाने नाही, हे तिला आजही कळत होतं. पण तीन दिवसांपूर्वी पोरीचे जांभळे ओठ बघितल्यावर तो माड तोडा म्हणायला तिची जीभ रेटेना. न जाणो. "धूळ निघाली," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याशी इतकं सरळ खोटं बोलून पाहिलं, आणि ते किती सोपं असतं याचं तिला नवल वाटलं.

पहाटे सुबोध आणि प्रांजल झोपेत असताना तिने तोंडाला ओला पंचा बांधला, मोरीतला कोयता घेतला, निळा ड्रम उपडा घालून त्यावर चढली. फुटलेली पोय डोक्याच्या वर होती. एकेक काडी कापताना फुलं तिच्या केसांत, मानेवर, ब्लाउजमध्ये पडत होती. तिने पंचा थोडा खाली केला आणि हुंगलं, पुन्हा हुंगलं. काही नाही. नुसती पहाट. मग देठावर कोयता बसला, आणि हाताला चिकट रस लागला; हिरवा, कच्चा, किंचित गोडसर. धोंडूंच्या सदऱ्यावरचा तो वास तिला आता ओळखता आला आणि त्याचा आता काहीच उपयोग नव्हता. वर, पानांच्या बेचक्यात, आणखी दोन मिटलेल्या पोया दिसत होत्या, एक तर आठ-दहा दिवसांत फुटेल अशी. तिने टाचा उंचावून बघितलं, ड्रम डगमगला, तिने झावळी धरली. पोचत नव्हता हात. खाली उतरून तिने सगळं फडक्यात बांधलं, तेवढ्यात आलेल्या पुतळाबाईच्या पाटीत सरकवलं, आणि सुबोध उठायच्या आत अंघोळ केली, केस धुतले, साडी भिजत टाकली.

सकाळीच तिने धोंडूंना फोन लावला. सुबोधची सुटी होती, तो पलंगावर मोबाइल बघत पडला होता, पण कान इकडेच होते. बराच वेळ रिंग वाजली.

"चेडू बरां आसा मा?" फोन उचलताच धोंडूंनी विचारलं.

"दम लागला होता, बाबा. बारा तारखेला. हॉस्पिटलात होती. आता बरी आहे." पाया पडावं, माफी मागावी, सगळं ओरडून सांगावं, असं तिच्या घशाशी आलं होतं, आणि समोर नवरा होता. ती म्हणाली, "बाबा, तुमची बिडी सुटली का?"

अगदी बारीक आवाजात, "सुटली."

"मग या."

"सुबोध काय म्हणता?"

"सुबोधचं मी बघते. तुम्ही या. आठ दिवसांच्या आत या. मी आज ड्रमवर चढून बघितलं, एक झालं, पण वरच्या दोनला माझा हात नाही पोचत."

फोनमधून कुठल्यातरी कोंबड्याचं ओरडणं आलं. मग श्वास आला, एक, दोन, आणि तिसरा मध्येच तुटला. धोंडू रडत होते. ती फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

"ड्रमार चढू नको," शेवटी ते म्हणाले. "पडशीत. मी येतंय."

तिने फोन ठेवला. सुबोध उठून बसला होता. "कसला ड्रम? काय पोचत नाही? काय म्हणाला बाबा?"

"बिडी सोडली म्हणतात."

"आणि तू ऐकलंस? तू?" सुबोध हसला, पण त्याचे डोळे तिच्या ओल्या केसांवरून, दोरीवर वाळत टाकलेल्या साडीवरून फिरत होते. "खोटं बोलतोय म्हातारा. बसतो तुझा विश्वास?"

"बसतो," अक्षता म्हणाली, आणि झोपलेल्या प्रांजलच्या छातीवर कान ठेवायला आत गेली.